घोडा गेला, ओळी राहिल्या

गाजराच्या दोन ओळींमध्ये किती अंतर ठेवावे? वर्गात हा प्रश्न विचारला तर मुले सांगतील, ‘गाजराला जेवढी जागा लागते तेवढे.’ उत्तर बरोबरच वाटते. पण विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अमेरिकेच्या कृषिखात्याने परसबागेसाठी काढलेल्या पुस्तिका उघडल्या, तर त्यांतल्या लागवडीच्या तक्त्यात या प्रश्नाला एक नव्हे, दोन उत्तरे दिसतात. ओळींमधल्या अंतरासाठी तिथे दोन रकाने आहेत. एक घोड्याने मशागत करणाऱ्यांसाठी, दुसरा हाताने करणाऱ्यांसाठी. घोड्याच्या रकान्यात गाजर, बीट, कांदा यांसारख्या पिकांनाही अडीच-तीन फूट अंतर सांगितलेले असते, आणि हाताच्या रकान्यात त्याहून बरेच कमी, काही पिकांना तर निम्मेच.

गाजर तेच, जमीन तीच. मग हा फरक कोणाचा? अर्थात घोड्याचा. दोन ओळींमधून त्याला पाय न चुकवता चालता आले पाहिजे, त्याच्यामागचे अवजार ओळीला न घासता जायला हवे. म्हणजे शेतातले अंतर वनस्पतिशास्त्राने ठरवले नव्हते, ते एका प्राण्याच्या अंगलोटाने ठरवले होते.

पुढे घोडा गेला आणि त्याच्या जागी लहानसे यंत्र आले. बागेत चालणारा छोटा ट्रॅक्टर कसा घडला, त्याला काय जमले, काय जमले नाही आणि का, ही गोष्ट शेतीची आहे तशीच भौतिकशास्त्राचीही आहे. ती पाहू या.

वसंतातली घाई

आपल्याकडे पेरणीची वेळ पाऊस ठरवतो. अमेरिकेच्या ईशान्य भागात, म्हणजे न्यूयॉर्क, पेनसिल्व्हेनिया या राज्यांत ती थंडी ठरवते. हिवाळ्यात वरची जमीन गोठलेली असते. मार्च-एप्रिलमध्ये बर्फ वितळते आणि सगळे पाणी मातीतच राहते. माती चिखलासारखी थंड आणि जड झालेली असते. तिच्यात अवजार घातले तर ढेकळे निघतात आणि ती वाळली की विटेसारखी घट्ट होतात. त्यामुळे माती थोडी सुकेपर्यंत थांबावे लागते.

आपले शेतकरी यालाच ‘वाफसा येणे’ म्हणतात. मूठभर माती दाबून गोळा करावा आणि तो अंगठ्याने ढकलावा. तो सहज फुटला तर वाफसा आला, बोट रुतून तसेच राहिले तर अजून थांबायचे. ही परीक्षा पेनसिल्व्हेनियातला शेतकरीही अशीच घेतो. फक्त त्याच्याकडे वेळ कमी असतो. वाटाणा, पालक, कांदा, बटाटा यांना थंडी चालते. वाटाण्याचे बी मातीचे तापमान ५ अंशांच्या आसपास असले तरी हळूहळू उगवते. ही पिके लवकर लावली नाहीत तर पुढच्या उन्हाळ्यात ती नीट येत नाहीत. घेवडा, काकडी, टोमॅटो यांना मात्र माती १५ अंशांच्या वर गेलेली लागते, आणि शेवटचे हिमतुषार पडून गेल्याशिवाय त्यांची रोपे बाहेर लावता येत नाहीत. उत्तर न्यूयॉर्कमध्ये ही वेळ मेच्या मध्याच्या आसपास येते.

म्हणजे एप्रिल आणि मे मिळून जे थोडे कोरडे दिवस मिळतील, त्यांतच जमीन फोडायची, ढेकळे मोडायची, ओळी पाडायच्या आणि बी टाकायचे. ज्याच्याकडे स्वतःची घोड्यांची जोडी होती त्याचे निभत असे. अर्धा-एक एकर भाजी करणाऱ्याला भाड्याने औत आणावे लागे, आणि वाफसा तर सगळ्यांच्या शेतात एकाच वेळी येतो! लहान शेतकऱ्याची पाळी शेवटी. ज्याला दोन दिवसांची निकड आहे त्यालाच थांबावे लागे. लहान ट्रॅक्टरची गरज इथे जन्मली.

चुकीची कल्पना, उपयोगी अवजार

पण त्याआधी ओळी आल्या कुठून? युरोपात शतकानुशतके बी मुठीने फोकून पेरत. इंग्लंडमधल्या जेथ्रो टल याने १७०० सालच्या सुमारास ओळीत बी टाकणारे पेरणीयंत्र बनवले आणि १७३१ साली घोड्याने कोळपणी करण्यावर ग्रंथ लिहिला. त्याची कल्पना अशी होती, की वनस्पती मातीचे अगदी बारीक कण खातात. म्हणून माती जितकी बारीक करावी तितके अन्न जास्त. सतत कोळपत राहिले तर खताचीही फारशी गरज नाही, असे त्याचे मत होते.

आज आपल्याला माहीत आहे की वनस्पती मातीचे कण खात नाहीत. त्या मुळांवाटे पाणी आणि त्यात विरघळलेले क्षार घेतात, आणि शरीराचा मोठा भाग हवेतल्या कार्बन डायऑक्साइडपासून बनवतात. टलचा सिद्धान्त चुकीचा होता, पण त्याची पद्धत फायद्याची ठरली. कारण ओळीत पेरले की दोन ओळींमधले तण अवजाराने काढता येते, आणि तण गेले की पाणी व क्षार पिकाला मिळतात. विज्ञानाच्या इतिहासात असे अनेकदा घडते. कृती बरोबर असते, तिचे कारण मात्र चुकीचे सांगितलेले असते. या चुकीच्या कारणाची आठवण ठेवा, ती शेवटी पुन्हा लागणार आहे.

दख्खनच्या शेतकऱ्याला मात्र यात काहीच नवे वाटले नसते. तिफणीने ओळीत पेरावे आणि कोळप्याने ओळींमधले तण काढावे, ही इथली जुनी रीत. १७९० च्या दशकात दक्षिण भारतात असलेला कॅप्टन हॅलकॉट हा इंग्रज अधिकारी नळ्यांनी बी पेरणारे देशी अवजार पाहून चकित झाला होता. असे पेरणीयंत्र ही आधुनिक युरोपाची निर्मिती आहे, अशी त्याची तोवर समजूत होती. त्याचे टिपण लंडनच्या कृषिमंडळाने छापले, आणि धरमपाल यांनी अठराव्या शतकातील भारतीय विज्ञान-तंत्रज्ञानावरच्या आपल्या १९७१ च्या ग्रंथात ते पुन्हा वाचकांसमोर आणले.

इंग्लंडमध्ये असो की दख्खनमध्ये, मुद्दा एकच. ओळ ही पिकाची गरज नाही, ती जनावर आणि अवजार यांची गरज आहे. वाऱ्याने पडलेले बी कधी ओळीत उगवत नाही.

शनी ग्रहासारखे पेरणीयंत्र

घोडा न परवडणाऱ्या बागाइतदारासाठी पहिले चांगले उत्तर आले ते चाकावरच्या हातकोळप्याचे. फिलाडेल्फियाजवळच्या सॅम्युअल लीड्स ॲलन याने १८६० च्या दशकाच्या अखेरीस खत टाकण्याचे एक फिरते भांडे बनवले. दोन वाडगे काठाला काठ लावून जोडले की मधोमध कडे असलेला गोल तयार होतो, तसा त्याचा आकार होता. ॲलनला तो कडीवाल्या शनीसारखा दिसला आणि त्याने यंत्राला ‘प्लॅनेट’ म्हणजे ग्रह असे नाव दिले. पुढे बियांसाठी लहान यंत्र केले, त्याचे नाव झाले ‘प्लॅनेट ज्युनिअर’. एक चाक, दोन मुठी, मध्ये पास किंवा फण, आणि ढकलणारा माणूस. या नावाची हातकोळपी अमेरिकेतल्या भाजीच्या मळ्यांत अनेक दशके वापरात होती.

हातकोळप्याने ओळी जवळ आणल्या. दीड फुटावर गाजर लावता येऊ लागले. शंभर फूट रुंदीच्या वाफ्यात तीन फुटांवर ३३ ओळी बसतात, तर दीड फुटावर ६६. शिवाय घोड्याचे औत वळवायला दोन्ही टोकांना जी जागा सोडावी लागे तीही वाचली. पण माणसाची ताकद किती? दिवसभर काम करणारा माणूस अश्वशक्तीचा सुमारे दहावा भाग सातत्याने देऊ शकतो. त्यात वरवरचे तण निघते, जमीन नांगरून होत नाही. नांगरटीला पुन्हा घोडाच हवा.

आणि घोडा केवळ दोन ओळींमधली जागा घेत नव्हता. १९१५ च्या सुमारास अमेरिकेत घोडे आणि खेचरे मिळून अडीच कोटींहून अधिक जनावरे होती. त्यांच्या वैरणीसाठी आणि ओटसारख्या धान्यासाठी सुमारे नऊ कोटी एकर जमीन गुंतली होती, म्हणजे पिकाखालच्या जमिनीचा जवळपास पाव भाग. लहान मळेवाल्याला हे गणित आणखी जड जाई. वसंतातल्या पंधरा दिवसांच्या नांगरटीसाठी वर्षभर दाणावैरण घालायची. इंजिनाचा मोठा गुण इथे दिसतो. ते काम करत नसेल तेव्हा काही खात नाही.

दुसरी बाजूही सांगायला हवी. शहरांतल्या तबेल्यांची लीद हेच आसपासच्या भाजीमळ्यांचे मुख्य खत होते. कुजताना निघणाऱ्या तिच्या उष्णतेवर वसंताआधीची रोपे वाढवली जात. मोटारी आल्या, तबेले ओस पडले आणि हे खतही आटले. यंत्राने घोड्याचे ओढण्याचे काम घेतले, पण लीद ते देऊ शकत नव्हते.

एक चाक आणि मोटारसायकलचे सुटे भाग

१९१० च्या दशकात पेट्रोलची लहान इंजिने मोटारसायकलींमुळे स्वस्त आणि भरवशाची झाली. वेस्ट व्हर्जिनियातल्या डनबर या गावी बेंजामिन फ्रँकलिन ग्रेव्हली नावाचा छायाचित्रकार राहत होता. यंत्रे जुळवण्याचा त्याला नाद होता. त्याने हाताने ढकलायच्या नांगराला ‘इंडियन’ नावाच्या मोटारसायकलचे भाग जोडून एकाच चाकाचा स्वयंचलित नांगर तयार केला आणि १९१६ साली त्याचे पेटंट मिळवले. याच सुमारास मिनियापोलिसमध्ये ‘बीमन’ नावाचा मागून चालत हाकायचा बाग-ट्रॅक्टर निघाला. प्लॅनेट ज्युनिअरच्या कंपनीनेही पुढे आपल्या कोळप्याला इंजिन बसवले.

या सगळ्या यंत्रांमागे एकच विचार होता. घोड्याच्या जागी इंजिन ठेवायचे, मागचे अवजार तेच ठेवायचे. कोळपणी आणि ओळी पाडणे ही कामे या यंत्रांनी चांगली केली. वसंतातली पहिली नांगरट मात्र त्यांना जड गेली. इंजिन जोरात फिरे, चाके जागीच घसरत आणि यंत्र आपल्याच पायाखाली खड्डा करे. असे का व्हावे? इंजिनात शक्ती कमी होती का?

शक्ती होती, वजन नव्हते

थोडे गणित करू. नांगराने २० सेंटिमीटर रुंद आणि १५ सेंटिमीटर खोल तास काढायचा आहे. कापल्या जाणाऱ्या मातीचा छेद झाला ३०० चौरस सेंटिमीटर. मध्यम जमिनीत दर चौरस सेंटिमीटरला साधारण अर्धा किलो ओढ लागते असे धरले, तर एकूण ओढ १५० किलो होते. घोडा दिवसभर आपल्या वजनाच्या सुमारे दहाव्या भागाइतकी ओढ देऊ शकतो, आणि अडले तर थोडा वेळ त्याच्या काही पट. सहाशे-सातशे किलोच्या दोन घोड्यांची ओढ होते १२० ते १४० किलो. नांगराला घोड्यांची जोडी लागे, ते यामुळे.

आता १५० किलो वजनाचा चालता ट्रॅक्टर घ्या. चाक जमिनीला मागे ढकलते आणि जमीन त्याला पुढे ढकलते, हा न्यूटनचा तिसरा नियम. पण चाक न घसरता किती ढकलू शकेल, याला मर्यादा आहे. ती चाकावरच्या वजनावर आणि जमिनीच्या घट्टपणावर अवलंबून असते. मऊ जमिनीवर ही ओढ यंत्राच्या वजनाच्या निम्म्याच्या आसपास धरता येईल, म्हणजे ७५ किलो. लागतात १५०, मिळतात ७५. चाक घसरणारच.

मग मोठे इंजिन बसवले तर? यंत्राच्या मागे माणूस चालतो आहे हे विसरू नका. फुटलेल्या मातीतून तो सेकंदाला सुमारे एक मीटर या वेगाने चालतो. शक्ती म्हणजे बल गुणिले वेग. ७५ किलो गुणिले सेकंदाला १ मीटर म्हणजे बरोबर एक अश्वशक्ती! अश्वशक्तीची मेट्रिक व्याख्याच ही आहे. इंजिन चार अश्वशक्तीचे असो की आठ, चाकांवाटे मातीत उतरते ती जेमतेम एक. बल वजनाने बांधलेले आणि वेग माणसाच्या पावलाने. वजन वाढवावे तर ते यंत्र वळवणार कोण? आणि वाफशावरच्या मऊ मातीवर जड चाके फिरवली तर जी माती भुसभुशीत करायची तीच दाबली जाते.

घोड्याची नक्कल करणाऱ्या यंत्राची ही कोंडी होती. ती सोडवायला घोड्याचा विचारच सोडावा लागला.

ओढायचे नाही, खणायचे

कोंबडी जमीन उकरते तेव्हा ती काही ओढत नाही. पंजा मातीत घालून मागे फेकते. स्वित्झर्लंडमधल्या बाझेल शहरातील कोनराड फॉन मायेनबुर्ग याने १९१० च्या सुमारास असेच यंत्र कल्पिले. आडव्या दांड्यावर वाकडे, लवचिक नखांसारखे दाते, आणि तो दांडा इंजिनाने फिरवायचा. जर्मनीच्या सीमेन्स कंपनीने ही कल्पना उचलली आणि असे फिरते कुळव बनवले.

त्याच काळात पृथ्वीच्या दुसऱ्या टोकाला, ऑस्ट्रेलियात गिलगांड्रा इथे वडिलांच्या शेतावर आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड हा तरुण हाच प्रश्न सोडवत होता. १९१२ साली त्याने शेतावरच्या वाफेच्या इंजिनाने फिरणारी पाती चालवून पाहिली. माती बारीक होई, पण बाजूला उडे. पात्याचे टोक काटकोनात वळवून इंग्रजी ‘एल’ अक्षरासारखे केल्यावर ही अडचण सुटली. १९२० साली त्याने पेट्रोल इंजिनावरच्या यंत्राचे पेटंट घेतले, १९२२ साली कंपनी काढली आणि १९३८ साली इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यात कारखाना सुरू केला. त्याच्या यंत्राचे नाव ‘रोटाव्हेटर’. रोमन लिपीत हा शब्द उलट वाचला तरी तोच राहतो. आज महाराष्ट्राच्या कोणत्याही गावात ‘रोटाव्हेटर मारला’ असे म्हणतात, तो शब्द इथून आला. मोठ्या ट्रॅक्टरमागे फिरणाऱ्या रोटाव्हेटरलाही बहुधा तीच ‘एल’ आकाराची पाती असतात.

फिरत्या पात्याने कोंडी कशी फुटली ते पाहा. आता शक्ती चाकांवाटे जात नाही, थेट पात्यांवाटे मातीत जाते. पाते माणसाच्या पावलाच्या वेगाने नव्हे, त्याच्या कितीतरी पट वेगाने फिरते. त्यामुळे थोड्या बलातही भरपूर शक्ती वापरली जाते. शिवाय पाते माती मागे फेकते तेव्हा यंत्र आपोआप पुढे ढकलले जाते. चाकाला ओढ द्यावी लागत नाही, उलट यंत्र फार पुढे पळू नये म्हणून मागे एक खुंटा मातीत रुतवून ठेवावा लागतो. हलके यंत्र, एकट्या माणसाला हाकता येणारे, आणि एका फेरीत नांगरट आणि ढेकळे फोडणे दोन्ही.

अमेरिकेत ही यंत्रे १९३० च्या सुमारास आली. सी. डब्ल्यू. केल्सी हा पूर्वी मोटारी बनवणारा माणूस. त्याने स्वित्झर्लंडची यंत्रे आयात केली, ‘रोटोटिलर’ हे नाव रूढ केले आणि पुढे न्यूयॉर्क राज्यातल्या ट्रॉय गावात ती बनवली. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत सुमारे दोन कोटी घरगुती भाजीच्या बागा फुलल्या होत्या, बहुतेक कुदळ-फावड्यावर. युद्धानंतर शहरांबाहेर अंगणांची घरे वाढली आणि लहान यंत्रांना मोठे गिऱ्हाईक मिळाले. बसून चालवायचे बाग-ट्रॅक्टरही आले. इंटरनॅशनल हार्वेस्टरचा ‘कब कॅडेट’ १९६१ साली, जॉन डीअरचा ‘११०’ १९६३ साली. त्यांना छोटा नांगर जोडता येई, पण वजनाचा प्रश्न सुटला नव्हताच. म्हणून चाकांना ओतीव लोखंडाची वजने बांधत, टायरांत पाणी भरत, साखळ्या लावत. नावांत मात्र घोडा टिकून होता. एका कंपनीचे नाव ‘व्हील हॉर्स’, तर ट्रॉय गावात १९६० च्या दशकात निघालेल्या टिलरचे ‘ट्रोजन हॉर्स’.

या कल्पनेचा सर्वांत मोठा उपयोग मात्र अमेरिकेत झाला नाही. जपानमध्ये सरासरी शेत जेमतेम एक हेक्टरचे, खाचरे लहान. तिथे १९५० नंतरच्या दोन दशकांत मागून चालायच्या पॉवर टिलरची संख्या काही हजारांवरून तीस लाखांच्या घरात गेली. होंडासारखी मोटारसायकल कंपनीही १९५९ साली या धंद्यात उतरली. भारतात बंगळूरच्या व्ही.एस.टी. कंपनीने १९६७ साली मित्सुबिशीच्या सहकार्याने हे यंत्र आणले, केरळच्या सरकारी कंपनीने १९७३ पासून कुबोटाच्या सहकार्याने. कोकणातल्या भाताच्या खाचरात चालणारा पॉवर टिलर हा मायेनबुर्ग आणि हॉवर्ड यांच्या कल्पनेचाच नातेवाईक आहे. मोठा ट्रॅक्टर जिथे उतरूच शकत नाही, तिथे लहान शेतकऱ्याला आपल्या वेळेवर पेरणी करता येऊ लागली, ही साधी गोष्ट नाही.

मातीने मोजलेली किंमत

इथे टलची आठवण काढू. माती जितकी बारीक तितकी चांगली, हे त्याचे म्हणणे फिरत्या पात्याने अक्षरशः पुरे केले. मग मातीचे भले झाले का?

मातीतले कण सुटे नसतात. कुजलेली पाने, बुरशीचे तंतू आणि सूक्ष्मजीवांचा चिकट स्राव यांनी ते लहान लहान दाण्यांत बांधलेले असतात. या दाण्यांमधल्या पोकळ्यांतून पाणी मुरते आणि मुळांना हवा मिळते. पाते फिरते तेव्हा हे दाणे मोडतात. माती पिठासारखी होते, दिसायला सुंदर. पण पुढच्या जोरदार पावसात तेच पीठ पोकळ्या बुजवते आणि वर पापुद्रा धरतो. गाजरासारखे बारीक बी त्याखाली अडकते. पाते दरवर्षी एकाच खोलीवर फिरले आणि माती ओली असली, तर त्या खोलीवर माती घासली जाऊन घट्ट थर तयार होतो. पाणी आणि मुळे तिथे अडतात. गांडुळांची बिळे मोडतात. मातीत एकदम भरपूर हवा शिरल्यामुळे सेंद्रिय पदार्थ लवकर कुजून जातात, आणि लीद देणारा घोडा तर गेलेला असतो.

यंत्र वाईट आहे असा याचा अर्थ नव्हे. घोड्याला चिखल झेपत नसे, म्हणून वाफशाची वाट पाहणे भाग पडे. यंत्र तक्रार करत नाही, म्हणून थांबण्याचे शहाणपण माणसाला स्वतःच ठेवावे लागते. ओहायोतल्या एडवर्ड फॉकनर याने १९४३ साली ‘प्लाउमन्स फॉली’ हे पुस्तक लिहून नांगरटीच्या सवयीलाच आव्हान दिले होते. त्याच्या सगळ्या म्हणण्याशी शास्त्रज्ञ सहमत झाले नाहीत, पण ‘आपण जमीन नक्की कशासाठी फोडतो?’ हा प्रश्न तेव्हापासून मिटलेला नाही. बियाला मातीचा स्पर्श हवा, तण नको आणि माती थोडी उबदार हवी, एवढेच उत्तर असेल, तर बी पडते तेवढीच पट्टी मोकळी करून बाकीची जमीन पाचोळ्याखाली झाकून ठेवता येते.

ओळींचेही तसेच. १९६७ साली कॅलिफोर्नियात सांताक्रूझच्या विद्यापीठात ॲलन चॅडविक याने हाताने खणलेल्या रुंद वाफ्यांची बाग सुरू केली. पॅरिसभोवतीच्या जुन्या भाजीमळ्यांप्रमाणे त्यात रोपे ओळीत नव्हे, सगळीकडे सारख्या अंतरावर, पानाला पान लागेल अशी लावत. कोणाला चालायचेच नसेल तर तीन फुटांची गरज काय? छोट्या ट्रॅक्टरच्या बागेत मात्र ओळी दूरच राहिल्या, कारण आता तिथून चाके जाणार होती. घोडा गेला, पण त्याची जागा मोकळीच राहिली.

वर्गात करून पाहण्यासाठी

या लेखातले मुख्य मुद्दे मुलांना स्वतः तपासता येतील.

एका पसरट ट्रेमध्ये माती भरा. पत्र्याची छोटी पट्टी वाकवून पास बनवा, तिला स्प्रिंगचा काटा जोडून सारख्या वेगाने ओढा आणि किती ओढ लागली ते नोंदवा. कोरडी माती, वाफशावरची माती आणि चिखल यांत काय फरक पडतो? खोली दुप्पट केली तर ओढ दुप्पट होते का?

लाकडाचा ठोकळा त्याच मातीवर ठेवून काट्याने ओढा. त्यावर वजने वाढवत जा. ठोकळा घसरायला लागणारी ओढ आणि एकूण वजन यांचे गुणोत्तर काढा. ट्रॅक्टरला वजने का बांधतात, हे मुले स्वतःच सांगतील.

तिसरा प्रयोग मोजपट्टीचा. गावातल्या शेतांत जाऊन निरनिराळ्या पिकांच्या दोन ओळींमधले अंतर मोजा. त्याबरोबर कोळप्याच्या पासेची लांबी, बैलांच्या जूची लांबी आणि ट्रॅक्टरच्या दोन चाकांमधले अंतरही मोजा. मग शेतकऱ्यांना विचारा, ‘हे अंतर कसे ठरवले?’ काही उत्तरे पिकाची असतील, काही अवजाराची, आणि काही ‘पूर्वीपासून असेच’ अशी.

या शेवटच्या उत्तराशी थोडे थांबावे. पुस्तकातला आकडा आपल्याला निसर्गाचा नियम वाटतो. पण अनेक आकड्यांच्या मागे कोणीतरी चालत गेलेले असते. ते कोण होते, आणि आज ते तिथे आहे का, हे विचारायची सवय मुलांना लागली, तर ती गाजराच्या वाफ्यापलीकडेही उपयोगी पडेल.